कुत्रेसाहेबांची हजेरी

कुत्रेसाहेबांचं आडनाव कुत्रे नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना जे मानचिन्ह दिलं त्यावर तसं कोरलेलं आहे, आणि कोरणाऱ्याने त्याआधी 'श्री.' लावून त्या नावाला कायदेशीर स्वरूप दिलं आहे. साहेबांनी तक्रार केली नाही. खरं आडनाव किती जणांना आठवेल याची त्यांनाही खात्री नव्हती.

नाव पडलं ते कामावरून. त्यांची कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवायची. लिफ्टने कुठे जायचं, कधी थांबायचं, दार केव्हा उघडायचं हे ठरवणारा जो मेंदू, तो म्हणजे कंट्रोलर. साहेब नोकरीला लागले तेव्हा त्यात एक प्रोसेसर असे. पुढे चार झाले. एक मोटर सांभाळायचा, एक दारं, एक बटणं, आणि चौथा नुसता मजल्याचे आकडे दाखवायचा. चौथ्याला काम सगळ्यात कमी आणि रुबाब सगळ्यात जास्त. अशी वाटणी इतर कचेऱ्यांतही आढळते.

या चौघांवर लक्ष ठेवायला बोर्डाच्या कोपऱ्यात वॉचडॉग नावाची एक चिप होती. या कुत्र्याला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नसे. ते फक्त उलटे आकडे मोजायचं. शून्यावर पोचायच्या आत प्रोग्रामने त्याला एक बारीकसा इशारा द्यायचा, की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे. इशारा आला नाही, तर प्रोग्राम कुठेतरी अडकून पडलाय असं समजून ते चौघांनाही एकदम रीसेट मारायचं; मग शुद्धीवर आलेली लिफ्ट हळूहळू जवळच्या मजल्यावर जाऊन मुकाट्याने दार उघडायची. त्या इशाऱ्याला लॅबमध्ये 'तुकडा' म्हणत. "कुत्र्याला तुकडा टाकला का?" हा प्रश्न तिथे इतक्या गंभीरपणे विचारला जाई, की नव्या अकाउंटंटने एकदा लेखी विचारणा केली होती: सदर कुत्रं कंपनीचं आहे की कोणाचं खाजगी?

हे सगळं आता मागे पडलं होतं. कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली, त्या कंपनीला तिसरीने. साहेबांकडे उरली ती घरातली मागची खोली. तिच्यात एक लांब टेबल, विजेच्या लहरी दाखवणारा एक म्हातारा ऑसिलोस्कोप, सोल्डरिंगची बंदूक, लिफ्टचं एक खरंखुरं बटणांचं पॅनेल आणि कान तुटलेला एक पांढरा मग. मगात स्क्रूड्रायव्हर ठेवलेले असत. तो मग बायकोचा. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी साहेब खोलीत शिरले की अजून दार लावून घेत. "तुमचा धूर माझ्या घरात नको," असं ती म्हणायची. धूर आता कोणालाच नकोसा नव्हता, पण दार लागायचं.

लेक दुसऱ्या शहरात राहायची, गाडीने चार तासांवर. आई गेल्यावर तिने बापाला एकच अट घातली.

"बाबा, रोज सकाळी मला एक शब्द पाठवायचा. 'हजर'. बाकी काही नाही पाठवलंत तरी चालेल."

"मी काय शाळेत आहे?"

"शाळेत असतात तर एवढी काळजी नसती. तिथे शिपाई तरी असतो."

साहेब पाठवत राहिले. मग एका सकाळी, ऑसिलोस्कोपच्या पोटात डोकं घालून बसले असताना, विसरले. लेकीने फोन केला. तो स्वयंपाकघरात उशीखाली होता. उशी स्वयंपाकघरात का होती हे साहेबांनाही कधी सांगता आलं नाही. लेकीने समोरच्या टेलरबाईंना कळवलं, टेलरबाईंनी वॉचमनला, वॉचमनने चावीवाल्याला, आणि चौथ्या हातोड्याला मुख्य दाराचं कुलूप निखळलं तेव्हा कपाळावर भिंग चढवलेले साहेब आतून बाहेर आले आणि अदबीने म्हणाले, "कोण पाहिजे?"

लेक त्याच दिवशी येऊन थडकली. पायांत घरातल्या सपाता, त्याही दोन वेगवेगळ्या जोडांतल्या. आधी रडली, मग तिने फर्मान काढलं.

"पुन्हा असं झालं की माझ्याकडे यायचं. कायमचं. आणि ही खोली येणार नाही हं बाबा. माझ्याकडे एक कपाट रिकामं होईल, फार तर दीड."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. दीड कपाटात ते मावेना. मग त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू दिलं नव्हतं ते केलं. आगपेटीएवढा एक बोर्ड घेतला, घरच्या इंटरनेटला जोडला, आणि सकाळी सात वाजले की साहेबांच्या नावाने लेकीला 'हजर' पाठवायच्या कामाला लावला. ना पडदा, ना बटणं. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकायचा. साहेब झोपलेले असोत, न्हाणीघरात असोत, की ऑसिलोस्कोपच्या पोटात, सात वाजता ते हजर असत. ते इतके नियमित कधीच नव्हते. लेक समाधानी दिसत होती. रोज उलट टपाली अंगठा येई.

त्या दिवशी सकाळी साहेब चहा पिऊन, फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून मागच्या खोलीत गेले आणि सवयीने दार ओढून घेतलं. मूठ हातात आली. तिचा दांडा पलीकडे हॉलमध्ये पडल्याचा आवाज झाला, आणि तो घरंगळत सोफ्याखाली गेल्याचाही.

साहेब घाबरले नाहीत. अवजारांनी भरलेल्या खोलीत इंजिनिअर अडकला तर त्याला अडकणं म्हणत नाहीत. त्यांनी भोकात स्क्रूड्रायव्हर घातला. भोक झिजून गोल झालं होतं. स्क्रूड्रायव्हर आत गरगर फिरला, कुलूप ढिम्म. बिजागऱ्या पलीकडच्या बाजूला. पकड असती तर काही जमलं असतं, पण पकड हॉलमध्ये होती, कारण काल संध्याकाळी साहेबांनी तिने टेलरबाईंची इस्त्री दुरुस्त केली होती. परोपकार असा अंगाशी येतो. खिडकीला जाळी, आणि जाळीपलीकडे पाण्याच्या पाइपांची चिंचोळी जागा. त्यांनी हाका मारून पाहिल्या. पाइपांनी त्या ऐकल्या. लांबून टेलरबाईंच्या मशीनची खडखड आली, दोन टाके उसवण्यापुरती थांबली, परत सुरू झाली.

मग त्यांची नजर हिरव्या दिव्यावर गेली.

भिंतीवरचं घड्याळ सातला आलं होतं. थोड्या वेळात ही आगपेटी लेकीला कळवणार होती की बाबा हजर आहेत. आणि उद्याही कळवणार होती. परवाही. बोर्डाला दुसरं काही बोलायला लावावं, तर त्याला लागणारा लॅपटॉप फोनशेजारी बसून चार्ज होत होता. साहेबांच्या हातात एकच गोष्ट होती: बोर्डाचा प्लग. तो काढला तर 'हजर' जाणार नाही, लेक आकाशपाताळ एक करील, सुटका होईल, आणि मग दीड कपाट. नाही काढला तर खोली राहील. खोलीत साहेबही राहतील. तेच जरा जास्त दिवस.

ते स्टुलावर बसले. समोर मग होता.

हे दृश्य त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. चार प्रोसेसरांचा पहिला कंट्रोलर त्यांनीच बांधला होता, आणि कंपनीचे मालक पाहुण्यांना घेऊन चाचणीच्या लिफ्टमध्ये चढले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मोटरवाला प्रोसेसर अडकला. त्याची वाट बघत दारवाला अडकला. दारवाल्याची वाट बघत बटणवाला. लिफ्ट जागच्या जागी उभी. फक्त आकडेवाला तेवढा ठणठणीत. तो आपला तीन, चार, पाच, सहा दाखवत चालला होता. इमारत चार मजल्यांची होती. आठवा मजला उलटून गेल्यावर आतून मालकांचा आवाज आला, "अरे, आपण नक्की कुठे चाललोय?"

कुत्र्याने हू की चू केलं नाही. त्याला तुकडा मिळतच होता. साहेबांनी तुकडा टाकायचं काम आकडेवाल्याच्या टायमरवर सोपवलं होतं, म्हणजे ते कधी चुकायला नको. आणि टायमर तर प्रोग्राम मेला तरी टिकटिक करतो.

सगळे जिन्याकडे धावले. त्याच आठवड्यात रुजू झालेली एक मुलगी तेवढी बोर्डापाशी उभी होती, हातात पांढरा मग. तेव्हा त्याला कान होता.

"तुमचं कुत्रं छान गुबगुबीत आहे हो," ती म्हणाली. "घरातले सगळे गार झालेत, पण त्याचं खाणं वेळच्या वेळी."

"तुम्ही नवीन आहात," साहेब म्हणाले.

"हो ना. म्हणून अजून दिसतं."

मालकांना बाहेर काढायला दोन मजल्यांच्या मध्ये शिडी लावावी लागली. ते गुडघ्यांवर रांगत बाहेर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, वर अकरावा मजला आहे का, असा. त्या महिन्यात साहेबांची नोकरी टिकली ती त्या मुलीमुळे. तिने तोडगा काढला. तुकडा कोणी एकाने, परस्पर टाकायचा नाही. चौघांनीही आपापलं काम खरोखर करून झालं की एका सामाईक जागी 'हजर' लिहायचं. चारही हजेऱ्या लागल्या तरच तुकडा, आणि लगेच पाटी कोरी. कोणीही दुसऱ्याची हजेरी लावायची नाही.

इथवर साहेबांना पटलं. पुढचं पटेना.

"आणि तुकडा लवकर पडला तरी कुत्र्याने भुंकायचं," ती म्हणाली. "उशीर झाला तर भुंकायचंच, पण लवकर झालं तरीही. मधे एक खिडकी ठेवायची. खिडकीत आलं तरच खरं."

"लवकर येणं हा गुन्हा कसा होईल?"

"लवकर येणारा मधलं काहीतरी गाळून आलेला असतो. तुम्ही उद्या लॅबमध्ये वेळेआधी आलात तर मी तुमच्याकडे ओळखपत्र मागीन."

साहेब दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेळेआधी आले. तिने ओळखपत्र मागितलं. त्यानंतर लॅबमध्ये तिला खिडकीबाई म्हणू लागले, आणि साहेब त्या हजेरीपायी इतके कडक झाले, की त्यांना कुत्रेसाहेब. लग्नाच्या पत्रिकेत नाइलाजाने खरी नावं छापावी लागली; लॅबमधले निम्मे लोक त्यामुळे आलेच नाहीत, कोणाचं लग्न आहे ते कळेना म्हणून.

पुढे घरात ती स्वयंपाकघरातून आवाज द्यायची, "हजर?" आणि मागच्या खोलीतून धुराबरोबर उत्तर जायचं, "हजर!" त्यात जेवायला या, गॅस बंद केलाय, मी रागावलेली नाही, असं बरंच काही असे. एकदा साहेब खाली गेलेले असताना लेकीने, तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल, बापाचा घोगरा आवाज काढून "हजर!" म्हणून दिलं. खिडकीबाई कणकेच्या हातांनी तशाच आल्या. लेकीला जन्मात एकदाच फटका बसला असेल तर तो त्या दिवशी.

"दुसऱ्याची हजेरी लावायची नाही! कळलं? घराला कळणार कसं मग?"

मग एके दिवशी पलीकडून विचारणारा आवाजच थांबला. तिथे रीसेट मारायची काही सोय नव्हती.

साहेबांनी मगाकडे पाहिलं, मग हिरव्या दिव्याकडे. गुबगुबीत होता अगदी.

"ओळखपत्र मागायला हवं होतं माझ्याकडे," ते मोठ्याने म्हणाले, आणि त्यांनी प्लग उपटला.

दिवा विझला. सात वाजले, आणि साहेब कुठेच हजर नव्हते. बऱ्याच दिवसांत प्रथमच त्यांना मोकळं वाटलं. मग भूक लागली. मग, आपल्याला कपाटात काय काय न्यायचं याची त्यांनी मनातल्या मनात निवड सुरू केली. ऑसिलोस्कोप नको, तिथे लेकीला त्याचा आवाज खपायचा नाही. पॅनेल नको. पांढऱ्या मगापाशी येऊन ते थांबले.

तेवढ्यात टेलरबाईंचं मशीन बंद पडलं, आणि बंदच राहिलं. मुख्य दारात किल्ली फिरली. गेल्या वेळच्या कुलूपफोडीनंतर लेकीने त्यांच्याकडे एक ठेवली होती.

"काका! कुठे आहात?"

"मागे! सोफ्याखाली एक दांडा असेल बघा, चौकोनी!"

बाई सोफ्याखाली शिरल्या, दांडा मिळाला, दार उघडलं. गळ्यात मापाची पट्टी, ओठांत टाचणी. एका हाताने टाचणी काढून दुसऱ्या हाताने त्यांनी फोन पुढे केला.

"बोला. लेक आहे लाइनवर. आधी तिच्याशी बोला, मग मी बोलणार आहे."

साहेबांनी फोन कानाला लावला.

"बंद पडलं, की बंद केलंत?" लेकीने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"काय बंद?"

"बाबा."

"केलं."

"का?"

साहेबांनी घसा साफ केला. "दुसऱ्याची हजेरी लावत होतं."

पलीकडे लेकीने नाक ओढलं.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रोज सातच्या ठोक्याला! तुम्ही स्वतःच्या लग्नाला तरी वेळेवर गेला होतात का? आई सांगायची, हे वेळेवर आले तर समज, दुसरंच कोणीतरी आलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, कधी लाज वाटते ते."

"आणि तोवर मी मेलो असतो म्हणजे?"

"तोवर टेलरकाकू होत्या ना. तुम्ही सकाळी चहा टाकलात की स्वयंपाकघराची खिडकी उघडता, नंतर पुन्हा येऊन त्या कबुतराशी भांडता. भांडण झालं की काकू मला कळवतात. ती हजेरी तुम्हाला टायमरवर टाकता येत नाही."

साहेबांनी टेलरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मापाची पट्टी गुंडाळायचं काम अत्यंत एकाग्रतेने चालवलं होतं.

"आज खिडकी उघडली, पण भांडण नाही," त्या पट्टीला म्हणाल्या. "मी हातातली बाही संपवून येणारच होते."

"म्हणजे मी प्लग काढला नसता तरी सुटलो असतो?"

"सुटला असतात," लेक फोनमधून म्हणाली. "पण मग मी सातच्या ठोक्याला 'हजर' वाचलं असतं, तुम्ही कोंडलेले असताना. आणि आज संध्याकाळी येऊन तुमचं सामान बांधलं असतं. शप्पथ."

साहेब स्टुलावर बसले. खोली होती तिथेच होती.

"बरं, एक विचारू?" ते म्हणाले. "तुझी हजेरी कोण घेतं?"

"ऑफिस."

"दाराशी कार्ड टेकवलं की लागते ती? ती तर आकडेवाल्याचीच झाली. तू एकटी राहतेस. तू न्हाणीघरात पडलीस तर कोणाला कळणार?"

"मग तुम्हीच घ्या," लेक म्हणाली.

तिथून पुढची बोलणी दोन सार्वभौम राष्ट्रांमधल्यासारखी झाली. हजेरी दोघांनीही लावायची. उठल्यापासून कामाला लागेपर्यंत कधीही, पण त्याच खिडकीत. आणि नुसतं 'हजर' चालणार नाही. सोबत त्या सकाळची एक खरी गोष्ट, टायमरला ठाऊक नसलेली. उपस्थित साक्षीदार म्हणून टेलरबाईंनी दोन्ही बाजूंना सुनावलं, आणि इस्त्री अजून वाफ सोडत नाही हेही त्याच सुरात सांगून टाकलं. दाराची मूठ त्या दुपारी बदलली. साहेब खोलीत गेले की दार मात्र अजून लावतात.

तेव्हापासून हजेऱ्या येतात. 'हजर. दूध उतू गेलं.' 'हजर. वरच्या मजल्यावर कोणीतरी बासरी शिकतंय. शिकवणारा नसावा.' 'हजर. डावी चप्पल सापडेना.' साहेब उत्तर देतात: 'हजर. कबुतराने मुद्दा मान्य केला नाही.' बायको असती तर काय म्हणाली असती, हे त्यांना यातल्या बहुतेक निरोपांच्या वेळी ऐकू येतं.

मग एका सोमवारी निरोप आला: 'हजर. चहा घेतेय.' मंगळवारी: 'हजर. चहा घेतेय.' दोन्ही वेळा साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही वेळा सातचा ठोका. बुधवारी तिसरा 'चहा घेतेय' येऊन पोचला तेव्हा पहिला ठोका पुरता विरलाही नव्हता, आणि साहेबांनी फोन फिरवला.

पलीकडे बऱ्याच वेळाने कोणीतरी झोपेतून फोन उचलला.

"खिडकी!" साहेब गरजले. "चहा घेतेयस म्हणे! पांघरुणात? तीन दिवस सातच्या ठोक्याला! तुझ्या आईने याच गोष्टीसाठी तुला फटका दिला होता, विसरलीस?"

लेक आधी जांभई देत होती, मग हसायला लागली. हसू आवरेना तिला.

"तपासत होते हो बाबा."

"काय तपासत होतीस?"

"कुत्रं जागं आहे का ते."

स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतर येऊन बसलं होतं. पलीकडे टेलरबाईंनी मशीनवरून मान वर केली होती. साहेबांनी फोन जरा दूर धरला, घसा साफ केला, आणि पुन्हा कानाला लावून विचारलं,

"मग? भुंकलो ना वेळेत?"